झालंय माझं वाचून

फेब्रुवारी लागला की कल्याणजवळच्या आंबिवलीत दोन मोसम एकदम सुरू होतात, एक हळदीचा आणि दुसरा बोर्डाच्या पेपरांचा. मोहने, अटाळी, वडवली या गावांत मांडव पडतात आणि त्याच आळीतली दहावी-बारावीची पोरं पुस्तकं घेऊन गच्चीवर, जिन्यात, देवळाच्या ओट्यावर जागा शोधत फिरतात. २०२५ साली बारावीची परीक्षा ११ फेब्रुवारीला आणि दहावीची २१ फेब्रुवारीला सुरू झाली. त्या दिवसांत इकडच्या कुठल्याही घरात डोकावलं तर एक संवाद हमखास कानावर पडतो. "अभ्यास झाला का रे?" "झालंय माझं वाचून."

पोरगं खोटं बोलत नसतं. वाचून खरंच झालेलं असतं. वाचून होणं आणि येणं यांत अंतर आहे, हे त्याला पेपर हातात पडल्यावर कळतं, आणि त्याला ते आधी कुणी सांगितलेलंही नसतं. अभ्यासाबद्दलचे आपले बहुतेक गैरसमज मला शेवटी एकाच जागी येऊन मिळताना दिसतात. जे सरसर जमतं ते आपण पक्कं झालं असं धरून चालतो. जिथे अडखळायला होतं, तिथे पद्धतच चुकली असं समजून ती सोडून देतो. स्मृतीवरचं संशोधन नेमकं याच्या उलट सांगतं.

गैरसमज: "चार-पाचदा वाचलं की पक्कं होतं"

आंबिवलीच्या फलाटावर रोज त्याच गाडीला, त्याच डब्यापाशी उभा राहणारा माणूस वर्षानुवर्षं आपल्या ओळखीचा असतो. त्याचं नाव काय, असं कुणी विचारलं की मात्र आपण गप्प. पाचव्यांदा वाचलेल्या धड्याची ओळख अशीच असते. ओळ पाहिली की वाटतं, हे तर मला माहीत आहे. परीक्षेत ती ओळ समोर नसते, नुसता प्रश्न असतो.

हे मोजूनही पाहिलेलं आहे. अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांच्या एका गटाला एक उतारा वाचायला चार सत्रं दिली. दुसऱ्या गटाने तो एकाच सत्रात वाचला आणि उरलेल्या तीन सत्रांत उतारा बाजूला ठेवून आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने विचारलं तेव्हा वाचणाऱ्यांकडे ४० टक्के उरलं होतं आणि आठवून लिहिणाऱ्यांकडे ६१. आपल्याला हे लक्षात राहील, असा विश्वास मात्र चार वेळा वाचणाऱ्यांनाच जास्त होता.

यातले पाच मिनिटांनंतरचे आकडे विसरू नयेत. आदल्या रात्री वाचून घटक चाचणीत नव्वद टक्के मिळवणारी मुलं आपण पाहतो, आणि त्यामुळेच ही पद्धत घराघरांत टिकून आहे. ती दुसऱ्या दिवसापुरती चालते. बोर्डाच्या परीक्षेत मात्र जूनमध्ये वाचलेलं मार्चमध्ये विचारतात.

मग करायचं काय? एक भाग वाचायचा, पुस्तक मिटायचं आणि रफ वहीत आठवेल ते सगळं लिहायचं. मग पुस्तक उघडून जे राहिलं ते वेगळ्या शाईने भरायचं. दहावीच्या विज्ञानात बहिर्गोल भिंगाने मिळणाऱ्या प्रतिमांची सारणी आहे. वस्तू कुठे ठेवली की प्रतिमा कुठे, केवढी, सुलट की उलट. ती वाचताना प्रत्येक ओळीला मान डोलते. पुस्तक मिटून किरणाकृती काढायला घेतली की तिसऱ्या आकृतीला हात थबकतो. त्या थबकण्यालाच मुलं घाबरतात आणि पुन्हा पुस्तक उघडून बसतात. तिथे दोन मिनिटं डोकं खाजवावं, चुकलं तरी काहीतरी काढावं आणि मगच पुस्तक बघावं.

गैरसमज: "पाठांतर म्हणजे घोकंपट्टी, ती जुनाट"

हे अलीकडे सुशिक्षित घरांत फार ऐकू येतं. संकल्पना समजली की झालं, पाठ कशाला करायचं? पण सूत्र, संज्ञा, व्याख्या हाताशी नसतील तर समजलेली संकल्पना पेपरात वापरणार कशाने? त्रिकोणमितीची नित्यसमानता सिद्ध करताना मूळ तीन सूत्रं आठवत नसतील तर समज तशीच बसून राहते.

आपल्याकडे दिवेलागणीला परवचा म्हणायची पद्धत होती. पाढे, पावकी-निमकी, श्लोक, सगळं पुस्तकाशिवाय, रोज, मोठ्याने, आणि कुणीतरी ऐकत असताना. जुन्या पिढीचे पाढे ऐंशीव्या वर्षीही शाबूत असतात त्यामागे छडी आहे असं सांगितलं जातं. मला त्याचं श्रेय परवच्याला द्यावंसं वाटतं. रोज थोडं, आणि प्रत्येक वेळी आठवून. आज त्यातल्या सांजवातीसकट सगळंच टाकून दिलं आणि राहिलं ते पुस्तक समोर धरून तेच वाक्य वीस वेळा पुटपुटणं. जुनाट म्हणायचं तर त्याला म्हणावं.

गैरसमज: "एक धडा पूर्ण संपवल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नये"

शिस्तीचा वाटतो म्हणून हा गैरसमज फार आवडता आहे. सोमवारी वर्गसमीकरणं संपवली, मंगळवारी अंकगणित श्रेढी, बुधवारी संभाव्यता. वेळापत्रकावर खुणा होत जातात आणि मन शांत होतं.

अडचण अशी की वर्गसमीकरणांचा सरावसंच सोडवताना प्रत्येक उदाहरण वर्गसमीकरणाचंच असणार हे पोराला आधीपासून ठाऊक असतं. त्याला फक्त रीत चालवायची असते, निवडायची नसते. बोर्डाच्या पेपरात उदाहरणावर धड्याचं नाव छापलेलं नसतं. "एका रांगेत इतक्या खुर्च्या, पुढच्या रांगेत दोन जास्त" असं वाचून हे श्रेढीचं आहे हे आपणच ओळखायचं. पोरं घरी येऊन "येत होतं, पण सुचलं नाही" म्हणतात ते याच ठिकाणी.

अमेरिकेतल्याच डग रोरर आणि केली टेलर यांनी २००७ मध्ये घनफळांच्या चार अनोळखी प्रकारांवर हे तपासलं. एका गटाने एकेका प्रकाराची उदाहरणं ओळीने सोडवली, दुसऱ्याने चारही प्रकार मिसळून. सराव चालू असताना ओळीने सोडवणारे ८९ टक्के बरोबर होते, मिसळणारे फक्त ६०. आठवड्यानंतरच्या चाचणीत ओळीने सोडवणारे २० वर घसरले आणि मिसळणारे ६३ वर राहिले. सराव करताना कोण जास्त खूश असेल हे सांगायला नको.

बालभारतीच्या गणितात प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी संकीर्ण प्रश्नसंग्रह असतो. बरीच मुलं तो "वेळ राहिला तर" म्हणून ठेवतात. खरं तर चार प्रकरणांचे संकीर्ण प्रश्न चिठ्ठ्यांवर लिहून, डब्यात घालून, रोज पाच उचलावेत. नव्या धड्याला पहिल्यांदा मात्र ओळीने सोडवणंच ठीक. रीत हातात बसल्यावर मिसळायचं.

उजळणीच्या अंतराचंही असंच आहे. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये निरर्थक अक्षरगट पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले आणि दाखवलं की विसरणं सुरुवातीला झपाट्याने होतं, मग मंदावतं. एकाच दिवशी चार तास देण्यापेक्षा तेच चार तास चार दिवसांत वाटून दिले तर ते जास्त टिकतात. परीक्षा जितकी लांब, तितकं दोन उजळण्यांतलं अंतर मोठं चालतं. डिसेंबरात आठवड्याने, फेब्रुवारीत दोन-तीन दिवसांनी. मधल्या काळात थोडं विसरायला होणार, ते होऊ द्यावं. विसरलेलं ओढून काढण्यातच ते पक्कं होतं.

गैरसमज: "अठरा तास बसल्याशिवाय काही होत नाही"

चौदा एप्रिलच्या सुमारास महाराष्ट्रातल्या अनेक कॉलेजांत, वाचनालयांत आणि विहारांत सलग अठरा तास अभ्यासाचा उपक्रम होतो. बाबासाहेब आंबेडकरांना वाचून अभिवादन करण्याची ही कल्पना मला मिरवणुकीपेक्षा जास्त आवडते. पण ते एका दिवसाचं अभिवादन आहे. पंधरा वर्षांच्या मुलाने ते महिनाभराचं वेळापत्रक म्हणून भिंतीवर लावलं की तिसऱ्या दिवशी ते पोर पुस्तकावर डोकं ठेवून झोपलेलं सापडतं आणि वर अपराधी वाटून घेतं.

खुद्द बाबासाहेबांच्या शाळकरी दिवसांचं वर्णन धनंजय कीरांच्या चरित्रात आहे आणि ते प्रत्येक आईबापाने वाचण्यासारखं आहे. परळला एका खोलीचं घर, त्यातच सगळा संसार. रामजी सुभेदारांनी तोडगा काढला तो असा: भीमरावांनी लवकर झोपायचं, वडील रात्री दोनपर्यंत जागे राहणार, मग मुलाला उठवून स्वतः आडवे होणार. दिव्याच्या उजेडात, सगळी चाळ झोपलेली असताना मुलगा वाचत बसे. यात कष्ट आहेतच. पण वडिलांनी मुलाला आधी झोप दिली आणि मग शांतता, हे आपण गोष्ट सांगताना वगळतो. १९०७ मध्ये ते एल्फिन्स्टन हायस्कुलातून मॅट्रिक झाले, ७५० पैकी २८२ गुणांनी. सहा वर्षांनी ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात होते. पंच्याण्णवच्या खाली आलं म्हणून पेढे न वाटणाऱ्या घरांनी हा आकडा लिहून ठेवावा.

झोपेचा हिशेब सरळ आहे. १३ ते १८ वयाच्या मुलांना आठ ते दहा तास झोप हवी, असं अमेरिकेतल्या निद्रातज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये सांगितलं. रात्री जागून वाचलेलं राहत नाही याचं कारण नुसता थकवा नाही. दिवसा शिकलेलं मेंदू झोपेत बसवतो. १९२४ साली कॉर्नेल विद्यापीठात दोन विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगातच हे दिसलं होतं. पाठ करून झोपल्यावर जेवढं आठवे, तेवढेच तास जागं राहिल्यावर आठवत नसे. त्यामुळे गणिताच्या आदल्या रात्री तीनपर्यंत जागणं म्हणजे सप्टेंबरपासून केलेल्या सरावावर पाणी सोडणं.

पहाटेचंही थोडं बोलायला हवं. ब्राह्ममुहूर्ताला वाचलेलं जन्मभर राहतं, असं आजी सांगते. पहाटेत असेल तर शांतता आहे, दुसरं काही विशेष नाही. या वयात शरीराचं घड्याळ मुळातच पुढे सरकलेलं असतं आणि झोप उशिरा येते. साडेअकराला झोपलेल्या मुलाला साडेचारला उठवून बसवलं तर ते बसतं, एवढंच. ज्याला नऊला झोप लागते त्याने खुशाल पाचला उठावं.

गैरसमज: "स्वतंत्र खोली नाही, मग अभ्यास कसा होणार?"

आंबिवली-मोहन्यात स्वतंत्र खोली असलेली मुलं थोडी. हळदीच्या रात्री तर खोली असली तरी उपयोग नाही, भिंती हलतात. ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद हवेत, आणि ११२ वर तक्रार करता येते. शेजारच्याच घरचं लग्न असेल तर फोन कुणी करायचा, हा प्रश्न नियमात सोडवलेला नाही.

गोंगाटात वाचन बिघडतं हे खरं. त्यातही शब्द असलेला आवाज, म्हणजे गाणी, टीव्ही, शेजारचं भांडण, पंख्याच्या घरघरीपेक्षा जास्त छळतो. पण "एकच जागा, एकच टेबल" ही अट मात्र कुठेच सिद्ध झालेली नाही. स्मिथ, ग्लेनबर्ग आणि ब्यॉर्क यांनी १९७८ मध्ये दाखवलं की एकच शब्दयादी दोन वेगवेगळ्या खोल्यांत अभ्यासणाऱ्यांना, ती एकाच खोलीत दोनदा अभ्यासणाऱ्यांपेक्षा, तिसऱ्या अनोळखी खोलीत जास्त आठवली. परीक्षेचं केंद्र बहुधा परक्या शाळेत येतं आणि तिथलं बाक कुणाच्याच सवयीचं नसतं. तेव्हा गच्ची, जिना, ओटा, मित्राचं घर ही भटकंती दिसते तेवढी वाईट नाही.

फलाटही त्यात धरावा. कल्याणच्या पुढे कसाऱ्याच्या गाड्या विरळ. कल्याणला कॉलेजात जाणाऱ्या बारावीच्या मुलांचा एका गाडीच्या चुकण्यात किती वेळ जातो हे त्यांना विचारावं. तिथे पुस्तक उघडता येत नाही, पण चिठ्ठ्या काढता येतात. लग्नसराईत घरी येणाऱ्या पत्रिकांची पाठ कोरी असते. तिचे तुकडे करायचे, एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर. उलटायच्या आधी मनात उत्तर द्यायचं, ही एकच अट. ती मोडली की ते पुन्हा नुसतं वाचन.

गैरसमज: "चांगला क्लास लावला की निम्मं काम झालं"

क्लासवर माझा राग नाही. कोडं न सुटणाऱ्या पोराला विचारायला माणूस हवाच असतो. पण उत्तम शिकवणाऱ्या सरांचा एक तोटा असतो, त्यांच्यासमोर सगळंच सोपं वाटतं. हार्वर्डमध्ये लुई देलोरिए आणि सहकाऱ्यांनी पदार्थविज्ञानाच्या वर्गांवर केलेलं काम २०१९ मध्ये आलं. उत्कृष्ट व्याख्यान ऐकणाऱ्या मुलांना आपण जास्त शिकलो असं वाटलं. स्वतः झटून प्रश्न सोडवायला लागलेल्यांना कमी शिकल्यासारखं वाटलं. चाचणीत गुण मात्र दुसऱ्यांना जास्त. मोबाईलवरच्या व्हिडिओंना हे दुप्पट लागू. तिथे सर थांबून "तू सांग" असंही म्हणत नाहीत.

मोहन्याचा एनआरसी कारखाना २००९ पासून बंद आहे. आता या पट्ट्यात बांधलेला पगार असलेली घरं कमी, आणि क्लासची फी सहज निघते असं नाही. अशा घरांतली आई बरेचदा म्हणते, "मला काय समजतं त्यातलं, मी कशी घेऊ अभ्यास?" इथे ती स्वतःला उगाच कमी लेखते. तोंडी घ्यायला शिकलेलं असावं लागत नाही. पुस्तक तिच्या हातात, स्वाध्यायाचा प्रश्न तिने वाचायचा, मुलाने पुस्तकाशिवाय उत्तर द्यायचं आणि तिने ते धड्याशी ताडायचं. मुलगा इंग्रजी माध्यमाचा असेल आणि आईला ते पुस्तक वाचता येत नसेल, तर त्याने भारत आणि ब्राझीलच्या हवामानातला फरक तिला मराठीत समजावून सांगावा. "मग तिकडे आपल्यासारखा पाऊस का नाही?" असं तिने विचारलं आणि तो अडला, तर वाचायचं काय राहिलंय ते दोघांनाही कळलं.

आणखी काही, थोडक्यात

पुस्तक पिवळं-गुलाबी रंगवल्याने येत नाही. जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अभ्यासाच्या दहा पद्धती पारखल्या. त्यात अधोरेखन आणि पुन्हा वाचन तळाला गेलं, स्वतःची चाचणी घेणं आणि उजळणी वाटून करणं वर आलं. "मी बघून शिकणारा, ती ऐकून शिकणारी" या विभागणीला पुरावा मिळत नाही, असं पाश्लर आणि इतरांनी २००८ मध्ये दाखवून दिलं. आकृती सगळ्यांनाच आकृतीतून कळते आणि उच्चार सगळ्यांनाच ऐकून. बदाम खावेत, भुकेला चांगले असतात. भिजवल्याने त्यांत भूगोल उतरत नाही.

गैरसमज: "अपेक्षित प्रश्नसंच वाचला की पेपर कळतो"

प्रश्नसंच वाचायचा नसतो, सोडवायचा असतो, घड्याळ लावून आणि उत्तरांची पानं दुमडून. दहावीला पूर्ण भाषांचे पेपर ८० गुणांचे आणि तीन तासांचे. बीजगणित, भूमिती, विज्ञानाचे दोन्ही भाग, इतिहास आणि भूगोल प्रत्येकी ४० गुणांचे आणि दोन तासांचे. पूर्वी प्रश्नपत्रिका दहा मिनिटं आधी हातात मिळे. २०२३ पासून ती पद्धत बंद करून शेवटी दहा मिनिटं वाढवून दिली आहेत, म्हणजे अकराचा भाषेचा पेपर दोन वाजून दहा मिनिटांनी सुटतो. घरी निदान चार-पाच पेपर, प्रत्येक एका बैठकीत, पूर्ण लिहिलेले असावेत. त्याने हात आणि वेळ दोन्ही कळतात. कृतिपत्रिकेतलं लेखन शेवटी राहून गेलं ही तक्रार येते ती पेपर कधीच सलग न लिहिलेल्या मुलांची.

पेपर सुटल्यावर गेटबाहेर उत्तरं जुळवू नयेत. त्यातून गुण वाढत नाहीत आणि पुढच्या पेपरची दुपार जाते.

गैरसमज: "दहावीत राहिला, वर्ष वाया"

हा गैरसमज सगळ्यांत महाग पडतो, कारण याच भीतीने पोरं जानेवारीतच हात टेकतात. पुरवणी परीक्षा त्याच वर्षी जून-जुलैत होते. एक किंवा दोन विषय राहिले तर एटीकेटीची सवलत घेऊन अकरावीत प्रवेश मिळतो आणि राहिलेले विषय सोडवता येतात. निकालानंतर ठरलेली फी भरून मंडळाकडून उत्तरपत्रिकेची छायाप्रतही मागवता येते. ती फार कमी लोक मागवतात, आणि मागवतात ते बहुधा गुण वाढवून घ्यायला. त्याआधी ती समोर ठेवून बसावं आणि प्रत्येक प्रश्नापुढे नोंद करावी: हे सोडलं होतं की चुकलं होतं? सोडलेलं असेल तर आठवलं नव्हतं की वेळ नव्हता? चुकलेलं असेल तर रीत चुकली की धडाच ओळखता आला नाही? प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. आठवलं नसेल त्याच्या चिठ्ठ्या करायच्या, वेळ नसेल तर घड्याळ लावून पेपर लिहायचे, धडा ओळखता आला नसेल तर डब्यातले मिसळलेले प्रश्न. जुलैच्या पेपरपर्यंत दीड-दोन महिने मिळतात, आणि दोन विषयांना तेवढे पुरतात.